कंपनीचा खरा मालक कसा शोधायचा, आणि शोधताना कुठं थांबायचं

एखाद्या कंपनीसोबत मोठा व्यवहार करायचाय, किंवा एखादं सरकारी कंत्राट नेमकं कुणाच्या खिशात गेलं ते बघायचंय, किंवा जिथं नोकरी लागतेय ती कंपनी आहे तरी कुणाची एवढंच जाणून घ्यायचंय. पहिल्यांदाच हे काम करणाऱ्याची दोन्हीकडून पंचाईत होते. बिनकामाची माहिती ढिगाने उघड्यावर पडलेली असते आणि नेमकं हवं ते नाव सापडत नाही. हा लेख अशा नवख्या माणसासाठी आहे. यात प्रायव्हसीचा विषय शेवटी एक परिच्छेद टाकून उरकलेला नाही, तो जवळपास प्रत्येक पायरीवर येणार आहे, कारण प्रत्यक्ष काम करताना तो तसाच मध्ये मध्ये येतो.

माझं मत आधीच सांगून टाकतो म्हणजे पुढं वाचताना गोंधळ नको. कंपनी काढणं म्हणजे कायद्याकडून एक मोठी सवलत घेणं, धंदा बुडाला तरी मालकाचं घरदार सहसा वाचतं, देणेकऱ्यांचे पैसे मात्र बुडतात. ही सवलत ज्यानं घेतली त्याचं नाव लोकांना कळलं पाहिजे यात मला काही जाच दिसत नाही. पण नाव आणि हिस्सा कळणं ही एक गोष्ट झाली, त्याचं राहतं घर, सही, पासपोर्ट नंबर आणि बायकापोरांची नावं कळणं ही दुसरी. जगभर जी भांडणं चाललीत ती या दोघांच्या मधल्या पट्ट्यात चाललीत.

पायरी १: आधी प्रश्न लिहून काढा

हसू नका, कागदावर खरंच लिहा. "या कंपनीबद्दल सगळं शोधायचंय" हा प्रश्न नाही. "या कंपनीत २५ टक्क्यांहून जास्त हिस्सा कुणाचा आहे आणि तोच माणूस त्या दुसऱ्या कंपनीतही आहे का" हा प्रश्न झाला. असा प्रश्न हाताशी असला की दोन फायदे होतात, एक तर रात्रभर पीडीएफ उघडत बसावं लागत नाही आणि दुसरं म्हणजे कुणाची कुठली माहिती आपल्या कामाची नाही हे आपोआप ठरतं. पुढं कधी रजिस्ट्रीने, म्हणजे कंपन्यांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी कचेरीने, किंवा कोर्टाने विचारलं की ही माहिती तुम्हाला कशाला हवी, तर हाच कागद कामाला येतो. आणि आजकाल बऱ्याच ठिकाणी विचारतात, त्यावर पुढं येतोच.

पायरी २: कोण कोण असतं ते समजून घ्या

नवख्यांची सगळ्यात जास्त गडबड इथं होते. डायरेक्टर म्हणजे मालक नव्हे, तो कंपनी चालवतो, कधी कधी तर नुसता सह्याजीराव असतो. शेअरहोल्डर म्हणजे ज्याच्या नावावर शेअर आहेत तो, पण तो स्वतः एक कंपनी असू शकतो, किंवा दुसऱ्याच्या वतीने शेअर धरून बसलेला नॉमिनी असू शकतो. आणि या सगळ्यांच्या मागे जो हाडामांसाचा माणूस शेवटी फायदा घेतो किंवा सूत्रं हलवतो तो बेनिफिशियल ओनर, आपण सोप्या भाषेत खरा मालक म्हणू.

खरा मालक कुणाला धरायचं याची टक्केवारी प्रत्येक कायद्यात वेगळी. युरोपात आणि ब्रिटनमध्ये साधारण २५ टक्क्यांची रेघ आहे, भारतात कंपनी कायदा २०१३ च्या कलम ९० खाली १० टक्के. पण टक्केवारी हा एकच निकष नसतो, कुणाकडे बहुसंख्य डायरेक्टर नेमायचा किंवा काढायचा अधिकार असेल तर शेअर एकही नसताना तो यादीत यायला हवा.

अजून एक सापळा. युरोपातल्या बऱ्याच रजिस्टरांमध्ये शोधूनही खरा मालक सापडला नाही तर वरिष्ठ व्यवस्थापकाचं नाव टाकायची मुभा आहे. म्हणजे तुम्हाला त्या रकान्यात नाव दिसतं, तुम्ही म्हणता सापडला मालक, आणि तो असतो बिचारा पगारी मॅनेजर. नावाशेजारी "कुठल्या नात्याने" हा रकाना असतो, तो वाचल्याशिवाय पुढं जाऊ नका.

पायरी ३: कंपनीचा नंबर पकडा

काखेत कळसा आणि गावाला वळसा, हा प्रकार इथं फार चालतो. लोक कंपनीच्या नावाने तासन् तास सर्च करतात आणि नंबर असतो हातातल्या बिलाच्या तळाशी बारीक अक्षरात. बिल, करारपत्र, वेबसाइटचं अगदी खालचं टोक, तिथली प्रायव्हसी पॉलिसी किंवा अटी-शर्तींचं पान, यातल्या कुठंतरी नोंदणी क्रमांक बहुतेक वेळा मिळतो. नावं सारखी असतात, बदलतात, एकाच नावाची कंपनी दोन देशांत असते, नंबराचं तसं नाही. भारतात हा क्रमांक २१ अक्षरांचा असतो आणि डायरेक्टरला स्वतःचा वेगळा ८ आकडी नंबर असतो.

शेअर बाजारात किंवा मोठ्या आर्थिक व्यवहारात उतरलेल्या कंपन्यांकडे बहुतेकदा एलईआय नावाचा २० अक्षरी आंतरराष्ट्रीय नंबर पण असतो. त्याचा डेटाबेस सगळ्यांसाठी फुकट खुला आहे आणि त्यात थेट पालक कंपनी आणि सगळ्यात वरची पालक कंपनी कळू शकते. पण लक्षात ठेवा, ती साखळी कंपन्यांपर्यंतच जाते, माणसापर्यंत पोचत नाही.

पायरी ४: रजिस्ट्रीत शिरा आणि तारखेसकट उतरवून घ्या

ज्या देशात कंपनी नोंदलेली आहे त्या देशाच्या सरकारी रजिस्ट्रीपासूनच सुरुवात करा. ओपनकॉर्पोरेट्ससारख्या साइट अनेक देशांचा डेटा एका जागी आणतात, धागा पकडायला त्या उत्तम, पण शेवटचा पुरावा नेहमी मूळ रजिस्ट्रीतूनच घ्या कारण गोळा केलेला डेटा कधी कधी जुना असतो.

नमुना म्हणून ब्रिटनची सरकारी रजिस्ट्री, म्हणजे कंपनीज हाउस, बघा, शिकायला ते सगळ्यात सोपं आहे, कारण फुकट आहे आणि लॉगिनसुद्धा लागत नाही. २०१६ च्या एप्रिलपासून तिथं खऱ्या मालकांची नोंद ठेवणं कंपन्यांवर बंधनकारक झालं. कंपनीचं पान उघडून नियंत्रण असलेल्या व्यक्तींच्या टॅबवर गेलात की काय दिसतं ते नीट बघा. पूर्ण नाव. जन्माचा महिना आणि साल, तारीख नाही. राष्ट्रीयत्व, राहण्याचा देश. पत्रव्यवहाराचा पत्ता, जो घरचा असायलाच हवा असं काही नाही. आणि हिस्सा नेमक्या आकड्यात नसतो, पट्ट्यात असतो, २५ च्या वर ते ५० पर्यंत, ५० च्या वर ते ७५ च्या आत, ७५ किंवा जास्त.

हे उगाच झालेलं नाही. जन्मतारखेचा दिवस झाकला कारण पूर्ण तारीख हातात आली की दुसऱ्याच्या नावाने कर्ज काढणं किंवा बँकेत फोन करून तोतयेगिरी करणं सोपं जातं, आणि महिना-साल ठेवलं कारण एकाच नावाची दोन माणसं वेगळी ओळखता यायला हवीत. घरचा पत्ता सरकारकडे असतो, लोकांना दाखवत नाहीत. ज्याला मारहाणीची किंवा धमकीची खरीखुरी भीती आहे त्याला अर्ज करून आपली माहिती उघड होऊ नये अशी मागणी करता येते. मला विचाराल तर ही रचना बऱ्यापैकी शहाणपणाची आहे, म्हणून कुठल्याही देशाचं रजिस्टर बघताना मी याच पानाशी ताडून बघतो की इथं काय जास्त दाखवलंय आणि काय दडवलंय.

डाउनलोड केलेल्या प्रत्येक कागदाच्या फाइलच्या नावातच तारीख टाका. पान आज आहे तसं उद्या असेल याचा भरवसा नाही, आणि "तुम्ही चुकीचं छापलं" म्हणून कुणी अंगावर आलं तर त्या दिवशी रजिस्टरमध्ये काय होतं हेच तुमचं उत्तर असतं.

पायरी ५: साखळी काढा आणि गणित दोनदा करा

कागदावर चौकोन काढा, खाली आपली कंपनी, वर तिचे शेअरहोल्डर, त्यांच्यावर त्यांचे. जोपर्यंत चौकोनात माणूस येत नाही तोपर्यंत वर जात राहा.

आता गणित. समजा अ या कंपनीत ब कंपनीचा ६० टक्के हिस्सा आहे, आणि ब मध्ये एका बाईंचा ४९ टक्के. गुणाकार केला तर बाईंचा अ मधला हिस्सा २९.४ टक्के येतो, म्हणजे २५ च्या वर, म्हणजे त्या खऱ्या मालक. पण ब्रिटनच्या पद्धतीत मधल्या कंपनीत बहुमत असेल तरच वरचा हिस्सा मोजतात, ४९ म्हणजे बहुमत नाही, तेव्हा या साखळीतून त्या यादीत येतच नाहीत. आता ४९ चे ५१ करा. गुणाकाराने ३०.६, आणि बहुमताच्या पद्धतीने एकदम सगळे ६० टक्के त्यांच्या नावावर. दोन टक्क्यांत केवढी उलथापालथ झाली बघा. भारतातही मधल्या कंपनीतलं बहुमतच बघतात. युरोपियन युनियनचा नवा नियम, जो २०२७ च्या जुलैपासून लागू होतोय, तो गुणाकार करून सगळ्या साखळ्यांची बेरीज करायला सांगतो. म्हणून एखादं नाव रजिस्टरमध्ये नाही म्हणजे लपवाछपवी झाली असं लगेच समजू नका, त्या देशाचा नियम कुठला ते आधी बघा.

आणि उलटही. पाच जणांनी वीस-वीस टक्के वाटून घेतले की २५ ची रेघ कुणीच ओलांडत नाही आणि कागदोपत्री मालक कुणीच नाही. त्या पाचांचा आपसात एकत्र मतदान करायचा करार असेल तर काही कायदे त्यांना एकत्र धरतात, पण तसा करार आहे हे बाहेरच्याला कळणार कसं हा प्रश्न उरतोच. पाचही जणांचा पत्ता एकच असेल किंवा सगळ्यांनी एकाच दिवशी शेअर घेतले असतील तर नोंद करून ठेवा. नोंद म्हटलं हं, निष्कर्ष नाही, सुतावरून स्वर्ग गाठायची घाई नको.

साखळीत ट्रस्ट आला की काम अवघड होतं. तिथं मालक असा एक माणूस नसतोच, मालमत्ता देणारा वेगळा, सांभाळणारा वेगळा, फायदा घेणारे वेगळे, आणि कधी या सगळ्यांवर नजर ठेवणारा आणखी एक. लाभार्थी बऱ्याचदा अल्पवयीन मुलं किंवा आजारी नातेवाईक असतात, त्यामुळे ट्रस्टची रजिस्टरं कंपन्यांच्या रजिस्टरांपेक्षा जास्त बंद ठेवतात आणि ते मला समजूही शकतं. अडचण अशी की ज्याला लपायचंय त्यालाही हे माहीत असतं.

पायरी ६: दार बंद दिसलं तर

इथं थोडा इतिहास सांगावा लागेल, नाहीतर दार का बंद आहे तेच कळणार नाही.

२०१६ च्या एप्रिलमध्ये पनामा पेपर्स बाहेर आले, एका लॉ फर्मचे १ कोटी १५ लाख कागद, दोन लाखांवर कंपन्या, आणि त्यांच्या मागे कोण कोण लपलंय ते जगानं पाहिलं. त्या धक्क्यानंतर युरोपियन युनियनने २०१८ च्या निर्देशाने ठरवलं की खऱ्या मालकांचं रजिस्टर कुणाही नागरिकाला बघता आलं पाहिजे. नाव, जन्ममहिना-साल, राहण्याचा देश, राष्ट्रीयत्व, हिश्शाचा प्रकार आणि प्रमाण, एवढं तरी. अपहरण, खंडणी, छळ यांचा धोका असेल किंवा मालक अल्पवयीन असेल तर प्रत्येक प्रकरण बघून सूट.

मग लक्झेंबर्गमधून दोन प्रकरणं युरोपच्या न्यायालयात गेली आणि २२ नोव्हेंबर २०२२ ला न्यायालयाने सर्वांसाठी खुलेपणाची ती तरतूदच रद्द केली. म्हणणं असं की अमर्याद लोकांना एखाद्या माणसाची आर्थिक परिस्थिती कळणं, आणि एकदा कळलेली माहिती पुढं कुठंही साठवली आणि पसरवली जाणं, हा खासगी आयुष्य आणि वैयक्तिक माहितीचं रक्षण या मूलभूत हक्कांवर गंभीर घाला आहे, आणि मनी लाँडरिंग रोखायला तेवढ्या उघडेपणाची गरज सिद्ध झालेली नाही. लक्झेंबर्ग, नेदरलँड्ससारख्या देशांनी लगेच रजिस्टर बंद करून टाकली. पण त्याच निकालात न्यायालयाने हेही म्हटलं की पत्रकार आणि भ्रष्टाचाराविरुद्ध काम करणाऱ्या संस्था यांचा ही माहिती बघण्यात रास्त हितसंबंध आहे, आणि कंपनीशी व्यवहार करू पाहणाऱ्यांचाही. बातम्यांमध्ये हा अर्धा भाग बऱ्याच ठिकाणी गळाला. निकाल उघडेपणाच्या विरुद्ध होता असं सरसकट म्हणणारे लोक मला भेटतात तेव्हा मी त्यांना हाच परिच्छेद दाखवतो.

तर आता करायचं काय? रास्त हितसंबंध दाखवून अर्ज करायचा. युरोपियन युनियनच्या २०२४ च्या निर्देशात हे बऱ्यापैकी बांधून दिलंय: पत्रकार, नागरी संस्था, अभ्यासक आणि व्यवहार करू पाहणारे लोक यांना प्रवेश द्यायचा, अर्जाला साधारण १२ कामकाजाच्या दिवसांत उत्तर द्यायचं, आणि एकदा पात्र ठरलात की ते ३ वर्षं चालतं. पत्रकाराने किंवा संस्थेने रजिस्टर बघितलं तर मालकाला फार तर त्याचा पेशा कळतो, नाव कळत नाही. हे फार महत्त्वाचं, कारण ज्याच्या मागावर आहात त्यालाच तुमचं नाव कळलं तर मग विचारायलाच नको. प्रत्येक देश हे कधी आणि कसं अमलात आणतोय ते वेगवेगळं असल्याने त्या देशाच्या रजिस्ट्रीचं आत्ताचं पानच वाचा.

अर्ज लिहिताना पायरी १ चा कागद काढा. आपण कोण, कुठल्या कंपनीबद्दल विचारतोय, मनी लाँडरिंग किंवा त्यासारख्या गुन्ह्यांशी किंवा होऊ घातलेल्या व्यवहाराशी याचा संबंध काय, माहिती कशी सुरक्षित ठेवणार, चार ओळींत. "जनहितार्थ" एवढाच शब्द टाकून पाठवलेला अर्ज परत येतो.

काही ठिकाणी मात्र कितीही दार ठोठावलं तरी उपयोग नाही. अमेरिकेने २०२१ मध्ये खऱ्या मालकांची माहिती गोळा करायचा कायदा केला, पण तो डेटाबेस जनतेसाठी कधीच नव्हता, आणि २०२५ च्या मार्चमध्ये तर अमेरिकेत स्थापन झालेल्या कंपन्यांना त्यातून वगळूनच टाकलं. मनी लाँडरिंगवर जगाचे नियम ठरवणारी एफएटीएफ ही संस्था २०२२ पासून देशांना रजिस्टर किंवा तितकाच परिणामकारक मार्ग ठेवा म्हणते, ते जनतेला दाखवाच असं म्हणत नाही. म्हणजे "आंतरराष्ट्रीय नियमानुसार मला बघायला मिळालंच पाहिजे" असा युक्तिवाद करू नका, तोंडघशी पडाल.

दार बंद असेल तर आडवाटा असतात, आणि त्या कायदेशीर आहेत. त्याच कंपनीची उपकंपनी एखाद्या खुल्या देशात असेल तर तिथल्या फायलिंगमध्ये वरच्या मालकाचं नाव येतं. ब्रिटनमध्ये जमीन किंवा घर धरून बसलेल्या परदेशी कंपन्यांसाठी २०२२ च्या ऑगस्टपासून वेगळं रजिस्टर आहे. कोर्टाचे निकाल, सरकारी निविदांचे कागद, शेअर बाजारातल्या घोषणा, बँकांकडे गहाण टाकल्याच्या नोंदी. आणि शोध पत्रकारांच्या आयसीआयजे या संघटनेचा ऑफशोअर लीक्स डेटाबेस, ज्यात पनामा पेपर्सची नावं शोधता येतात. तो वापरताना एक बघा, त्यांच्याकडे बँक खाती, ईमेल, पासपोर्टच्या प्रती सगळं होतं, पण लोकांसमोर त्यांनी मुख्यतः कंपन्या आणि माणसं यांचे जोड ठेवले. त्यात नाव असणं म्हणजे गुन्हा नव्हे हेही तिथं स्पष्ट लिहिलंय.

पायरी ७: हाच तो माणूस कशावरून?

चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायची पाळी इथं येते. नाव जुळलं म्हणजे माणूस जुळला असं नाही, विशेषतः सर्रास आढळणारी नावं असतील तर. आणि एकच नाव तीन लिप्यांतून फिरून आलं असेल तर स्पेलिंग तीन प्रकारची होतात, ते वेगळंच.

मी निदान दोन स्वतंत्र खुणा जुळल्याशिवाय पुढं जात नाही. नावासोबत जन्ममहिना-साल, किंवा नावासोबत सहीचा जुना कागद, किंवा तोच सहकारी डायरेक्टर दोन्ही कंपन्यांत. पत्त्यावर फार विसंबू नका, कंपन्या काढून देणाऱ्या एजंटांच्या एकेका पत्त्यावर हजारो कंपन्या नोंदलेल्या असतात, त्यामुळे पत्ता सारखा म्हणजे नातं आहे असं काही नाही. हीच पायरी प्रायव्हसीच्या सगळ्यात जवळची आहे, कारण चुकलात तर नुकसान अशा माणसाचं होतं ज्याचा या कंपनीशी काडीचा संबंध नव्हता, आणि त्याला तुमच्यामुळे नोकरीवर, बँकेत, शेजाऱ्यांना उत्तरं देत बसावं लागतं.

रजिस्टरमध्ये लिहिलंय म्हणजे खरं आहे असंही नाही. ब्रिटनचं रजिस्टर खुलं झाल्यावर अभ्यासकांनी डेटा चाळला तेव्हा दोन वर्षांखालची बाळं मालक म्हणून नोंदलेली सापडली. तेव्हा रजिस्ट्री आलेला कागद जवळपास तसाच ठेवून घ्यायची, २०२४ च्या मार्चपासून तिला शंकास्पद माहिती नाकारायचे अधिकार मिळाले आणि २०२५ च्या नोव्हेंबरपासून डायरेक्टर आणि मालकांची ओळख पडताळणी टप्प्याटप्प्याने सक्तीची झाली. या चुका सापडल्या त्या बाहेरच्या लोकांनी बघितलं म्हणून. प्रायव्हसीच्या बाजूने बोलणाऱ्यांना मी हे नेहमी सांगतो, बंद कपाटातली खोटी माहिती वर्षानुवर्षं तशीच राहते, आणि तुमच्या नावाने कुणी परस्पर कंपनी काढली असेल तर तेही तुम्हाला खुल्या रजिस्टरमुळेच कळतं.

पायरी ८: काय वापरायचं, काय गाळायचं

माहिती मिळाली. आता ती अहवालात, लेखात किंवा ऑफिसच्या फाइलमध्ये जाणार. माझा साधा हिशोब असा: माणसाला कंपनीशी जोडायला जी गोष्ट लागते ती ठेवा, बाकी काढा. नाव, पद, हिस्सा, तारीख, कंपनीचा नंबर राहील. घरचा पत्ता, सही, ओळखपत्राचा नंबर, पूर्ण जन्मतारीख, फोन, ज्यांचा कंपनीत हिस्सा नाही अशा नातेवाइकांची नावं जाईल. जुन्या स्कॅन केलेल्या फॉर्ममध्ये हे सगळं बिनदिक्कत दिसतं कारण तेव्हा कुणी विचारच केला नव्हता, म्हणून पीडीएफ जशीच्या तशी पुढं पाठवायची सवय सोडा. आणि झाकताना नुसता काळा चौकोन वर ठेवू नका, बऱ्याचदा त्याखालची अक्षरं कॉपी करून काढता येतात, पानाचं चित्र करून मग झाका.

"पण ते तर आधीच पब्लिक आहे की" हा युक्तिवाद ऐकू येईल. कायद्याच्या नजरेनं तो अर्धाच खरा. युरोपात रजिस्टरमधलं माणसाचं नाव उघड असलं तरी वैयक्तिक माहितीच राहतं, आणि ते गोळा करून वेगळी यादी बनवली तर त्या यादीची जबाबदारी तुमची. लक्झेंबर्गच्या रजिस्टरमध्ये फक्त कंपनीच्या नावाने शोधता यायचं, माणसाच्या नावाने नाही. २०२१ मध्ये पत्रकारांनी अख्खं रजिस्टर उतरवून माणसांच्या नावाने शोधता येईल असं केलं आणि मग कितीतरी बातम्या निघाल्या. माहिती तीच, पण शोधायची दिशा बदलल्यावर तिची ताकद बदलली. पत्रकारितेच्या कामासाठी ते योग्यच होतं असं मला वाटतं. हेच जर एखाद्या जाहिरात कंपनीने श्रीमंतांची यादी विकायला केलं असतं तर मी उलटं म्हटलं असतं, आणि यात मला काही विसंगती वाटत नाही.

काम संपल्यावर नको असलेल्या फायली पुसा. हे कुणी करत नाही, पण करा.

पायरी ९: रजिस्टरमध्ये तुमचंच नाव असेल तर

नवखे म्हणून तुम्ही स्वतः कंपनी काढत असाल तर हे सगळं उलट्या बाजूने वाचा. फॉर्म भरतानाच पत्रव्यवहाराचा वेगळा पत्ता देता येतो का बघा, एकदा घरचा पत्ता खुल्या कागदात गेला की मागाहून काढणं कटकटीचं असतं आणि तोवर दहा साइटनी तो उचललेला असतो. कुठला फॉर्म लोकांना दिसतो आणि कुठला फक्त सरकारला हे सल्लागाराला आधी विचारा. धमक्या येत असतील, घरगुती हिंसेतून बाहेर पडला असाल, तर संरक्षणाचा अर्ज नोंदणीच्या आधी किंवा सोबतच करा, आणि पोलिसांतली तक्रार वगैरे कागद जोडा.

"मला नाव काढून टाकायचंय" म्हणाल तर ते सोपं नाही. इटलीतल्या एका व्यावसायिकाची जुनी कंपनी १९९२ मध्ये दिवाळखोरीत गेली, २००५ मध्ये रजिस्टरमधून निघाली, तरी त्याचं नाव त्या दिवाळखोरीशी जोडलेलं दिसायचं आणि त्यामुळे आपली नवी घरं विकली जात नाहीत अशी त्याची तक्रार होती. २०१७ मध्ये युरोपच्या न्यायालयाने सांगितलं की कंपनी रजिस्टरमधून नाव पुसून घ्यायचा सरसकट हक्क नाही, कारण कंपनी संपली तरी तिच्यावरचे दावे वर्षानुवर्षं उरतात. फार तर पुरेसा काळ गेल्यावर, खास कारण असेल तर, ती माहिती ठरावीक लोकांपुरती मर्यादित करायची की नाही हे देशाने प्रकरण बघून ठरवावं. आपली घरं खपत नाहीत हे काही तसं खास कारण नव्हे, असाच न्यायालयाचा कल होता.

चुकीची नोंद दुरुस्त करून घेणं मात्र तुमचा हक्क आहे आणि त्यात ढिलाई करू नका. हिस्सा विकला, राजीनामा दिला, तर कंपनीने फायलिंग केलं का ते स्वतः रजिस्ट्रीत जाऊन बघा, कारण तिथं तुमचं नाव राहिलं तर माझ्यासारखा कुणीतरी तुम्हालाच मालक समजून पहिला फोन करणार.

पायरी १०: नजर ठेवा

मालकी बदलते, कधी कधी तर बातमी येणार अशी कुणकुण लागल्यावर आठवड्याभरात बदलते. कंपनीज हाउसमध्ये एखादी कंपनी फॉलो केली की नवीन कागद दाखल झाला की ईमेल येतो, फुकट. जिथं ही सोय नाही तिथं कॅलेंडरमध्ये महिन्याचा रिमाइंडर लावा आणि कागदांची यादी जुन्या यादीशी ताडून बघा, नवीन आलेलं तेवढं उघडा. अहवालात शेवटी "अमुक तारखेपर्यंतच्या नोंदींनुसार" हे वाक्य हवंच, आणि छापायच्या आदल्या दिवशी एकदा रजिस्टर पुन्हा उघडायचं. काम संपलं की फॉलो काढून टाका.